टायर ते कुंडी: आमची वाटचाल

धाकट्या भावाचं टायर-पंक्चरचं दुकान आणि त्याला लागूनच माझी छोटी रोपवाटिका, एवढ्यावर हा व्यवसाय उभा राहिला. त्याच्या मागच्या भिंतीला घासून गोटा झालेल्या टायरांची थप्पी असायची आणि मला मोठ्या कुंड्यांची कायम चणचण. मोठी मातीची कुंडी नेता-आणताना फुटते, सिमेंटची हलवायला दोन माणसं लागतात, हलक्या प्लॅस्टिकची दोन उन्हाळ्यांत कडा धरून तडकते. टायरचं तसं होत नाही. त्यातला कार्बन ब्लॅक (काजळीसारखी काळी पूड) उन्हातले अतिनील किरण अडवतो, आणि गंधक घालून पक्कं केलेलं रबर पावसात कितीही भिजलं तरी कुजत नाही. भाऊ म्हणाला, "ताई, तुला हवे तेवढे ने, जागा तरी मोकळी होईल." सुरुवात ही अशी झाली. व्यवसाय वगैरे शब्द आमच्या डोक्यातही नव्हता.

पहिला माल साधा होता: टायर धुवायचा, रंगवायचा, आडवा ठेवून माती भरायची. तो विकला गेला, पण दिसायला तो रंगवलेला टायरच होता. खरी कलाटणी दिली टायर उलटा करण्याच्या कसबाने. आमच्याकडचे काका (वयाने सगळ्यांत मोठे, म्हणून सगळ्यांचेच काका) आधी भावाच्या दुकानात टायर बसवायचं काम करायचे. रिमवर बसलेला टायर ते आडवा ठेवतात, वरच्या साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवर, खडूने पाकळ्या आखतात आणि धारदार सुरीने कापत जातात. सुरी दर वितीला साबणाच्या पाण्यात बुडवायची. कोरडी सुरी रबरात अडकते, माणूस जोर लावतो आणि मग ती कुठे सटकेल याचा नेम नाही. कापून झालं की टायरवर गुडघा रोवून कडेचा एक हातभर भाग बाहेर ओढायचा. हा पहिला हातभरच घाम काढतो. एकदा तेवढा पलटला की बाकीचा टायर मोजा उलटा व्हावा तसा आपोआप फिरतो आणि 'फट्' असा आवाज करून बसतो. आतली गुळगुळीत बाजू बाहेर येते, रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीच्या खाचा मातीकडे जातात, पाकळ्या वरच्या काठावर फुलतात आणि खाली जुना रिम बैठक म्हणून राहतो. पहिल्यांदा बघणाऱ्याला हा टायर आहे हे सांगावं लागतं.

मात्र हे सगळ्याच टायरांना जमत नाही. जुन्या पद्धतीचा नायलॉन टायर सहज वळतो. कारच्या रेडियलमध्ये, म्हणजे हल्लीच्या पद्धतीच्या टायरमध्ये, नक्षीच्या खाली पोलादी तारांचा पट्टा असतो, त्यामुळे तो पलटायला दोघं लागतात. पण त्याच्या साइडवॉलमध्ये फक्त धागा असतो, म्हणून तिथे कापायला हरकत नाही. नक्षीवर मात्र आम्ही सुरी लावत नाही. तिथे कापलं की बारीक तारा बाहेर येतात, आणि बागेत हात घालणाऱ्या माणसाच्या बोटात त्या हमखास घुसतात. ट्रकच्या रेडियलला तर साइडवॉलमध्येही पोलाद असतं. त्याच्या मोठ्या कुंड्या करून द्या असा आग्रह खूप होतो, आम्ही तो टायर न कापता तसाच वापरतो. आणि ज्या टायरवर अजून रबर चढवून तो रस्त्यावर धावू शकतो, तो आम्ही घेतच नाही, रिमोल्डवाल्याकडे पाठवतो. धावू शकणाऱ्या टायरची कुंडी करणं मला उधळपट्टी वाटते.

आता पाण्याबद्दल, कारण उष्ण आणि पावसाळी हवामानात या धंद्याचं निम्मं काम पाण्याचंच आहे. टायर न पलटता आडवा ठेवला की खालच्या साइडवॉलची एक गोल पन्हळ तयार होते. मधलं भोक उघडं असल्यामुळे पाणी निघून जातंय असं वाटतं, पण कडेच्या पन्हळीत ते साठूनच राहतं. वर माती असली तर मुळं कुजतात, नसली तर डास होतात. डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि उबदार हवेत अंड्यापासून उडणाऱ्या डासापर्यंत साधारण ७ ते १० दिवस पुरतात. त्याची अंडी पाण्याच्या पातळीच्या जरा वर, भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्महिने जिवंत राहतात. आशियाई टायगर डास १९८५ मध्ये अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये आढळला, तो जुन्या टायरांच्या जहाजी मालातून आला असावा असं मानलं जातं. तेव्हा टायर नुसता उपडा करून भागत नाही. आमच्याकडे माल उतरला की आधी पाणी ओततात, मग आतून ताठ ब्रशने घासतात, आणि वाळलेला टायर छपराखालीच रचतात. उघड्यावर एक रात्रही ठेवायचा नाही, हा आमच्या शेडमधला सगळ्यांत कडक नियम.

निचऱ्याची भोकं पन्हळीच्या सगळ्यांत खोल रेषेवर, गोलाकार पाडतो. रबरात ड्रिलने पाडलेलं भोक बिट बाहेर काढताच आक्रसतं. १२ मिमीच्या बिटने पाडलेल्या भोकातून पेन्सिलही कशीबशी जाते. म्हणून आम्ही पोकळ गोल पाते वापरून रबराची चकतीच काढून टाकतो. तापवलेली सळई खुपसण्याचा जुना उपाय झटपट आहे, पण जळत्या रबराचा धूर आमच्या माणसांनी का घ्यायचा? पलटलेल्या कुंडीत हा त्रास कमी, कारण रिमच्या मधल्या भोकातून आणि बोल्टच्या छिद्रांतून पाणी निघतं. त्यावर शेडनेटचा तुकडा, मग विटांचे तुकडे, मग माती.

उन्हाची कथा वेगळी. काळं रबर दुपारी इतकं तापतं की हात टेकवत नाही, आणि पश्चिमेच्या बाजूची मुळं भाजून निघतात. झाड एकाच अंगाने सुकायला लागलं की गिऱ्हाईक पाणी वाढवतं आणि दुखणं आणखी वाढतं. यावर फिका रंग हा पहिला इलाज. दुसरा, आतून नारळाच्या काथ्याचं अस्तर. तिसरा मला सगळ्यांत आवडतो: काठावर चिनी गुलाबासारखं ओघळणारं झाड लावायचं, तेच भिंतीवर सावली धरतं.

रंगाने आम्हाला जितकं शिकवलं तितकं दुसऱ्या कशाने नाही. तैलरंग टायरवर आठवडे गेले तरी चिकटच राहतो. कारण असं की तैलरंग हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतो, आणि रबर टिकावं म्हणून टायरमध्ये घातलेली रसायनं नेमकी हीच क्रिया रोखतात. त्यातलंच ६-पीपीडी नावाचं रसायन हळूहळू पृष्ठभागावर येत राहतं. पांढऱ्या रंगावर आतून उमटणारे तपकिरी डाग त्याचेच. टायरला हवेतल्या ओझोनने तडे जाऊ नयेत म्हणून ते मुद्दाम घातलेलं असतं, त्याला बिचाऱ्याला काय माहीत की पुढे आपल्यावर कोणी पांढरा रंग मारणार आहे. आता आम्ही साबणाने दोनदा धुतो, खरखरीत घासतो, प्रायमरचा हात मारतो आणि मग बाहेरच्या भिंतींचा अ‍ॅक्रिलिक रंग देतो. शुभ्र पांढरा मागणाऱ्याला हस्तिदंती किंवा फिकट पिवळा सुचवतो, त्यात डाग मुरून जातो.

भाजी लावता येईल का, हा प्रश्न रोजचा. आमचं उत्तर सरळ नाही असं आहे. टायरमध्ये झिंक ऑक्साइड असतं, तेलांमधून आलेली, शरीराला अपायकारक बहुचक्रीय कर्बसंयुगं असतात. युरोपीय संघाने टायरसाठीच्या तेलांमधल्या या संयुगांवर २०१० पासून मर्यादा घातली, म्हणजे त्याआधी ती किती सर्रास होती याचा अंदाज येतो. कुंडीतल्या मेथी-टोमॅटोत यातलं नेमकं किती उतरतं हे मातीवर, पावसावर आणि टायरच्या वयावर ठरणार. मला गिऱ्हाइकाच्या ताटावर हा हिशोब मांडायचा नाही. शोभेच्या झाडांसाठी मात्र टायर चांगला. तिथेही एक्झोरा आम्ही मातीच्या कुंडीत देतो, कारण त्याला आम्लधर्मी माती लागते आणि आम्लात जस्त जास्त विरघळतं. जस्त फार झालं की कोवळी पानं शिरा सोडून पिवळी पडतात. टायर कापून कमळाचं किंवा माशांचं तळं करून देणंही आम्ही बंद ठेवलं आहे. ६-पीपीडीपासून तयार होणारं एक संयुग कोहो सामन माशांना मारतं, हे २०२० मध्ये संशोधकांनी दाखवून दिलं. आपले मासे वेगळे असतील, पण प्रयोग त्यांच्यावर कशाला?

झाडं निवडताना मी नर्सरीवालीच राहते. जोरदार पावसाच्या जागेला कर्दळ आणि अळूच्या जातीची शोभेची पानं, कोरड्या गच्चीला अडेनियम, कोरफड, स्नेक प्लांट, भर उन्हाला बोगनवेल आणि सदाफुली. क्रोटन जवळपास कुठेही चालतं. गच्चीवर देताना वजन आधी विचारतो. कारचा टायर ८-१० किलोच भरतो, पण ओली माती लिटरला दीड किलोच्या आसपास जाते, म्हणून गच्चीसाठी निम्मं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा हलका भुसा).

आज शेडमध्ये आम्ही सहाजण आहोत. सुरी काका आणि त्यांनी तयार केलेल्या दोन मुली चालवतात. टायर पलटायला ताकदीपेक्षा गुडघा कुठे ठेवायचा हे कळावं लागतं, त्यामुळे त्या दोघी भावापेक्षा सरस आहेत आणि हे तो स्वतःच सगळ्यांना सांगतो. शाळा, सोसायट्या, रिसॉर्ट यांची कामं मोठी असतात, पण टिकून राहणारं गिऱ्हाईक म्हणजे एकेक कुंडी नेणारं माणूस. ते पुन्हा येतं, आणि येताना जुनी कुंडी घेऊन येतं. रंग उडालेली कुंडी आम्ही नव्याने रंगवून देतो. जिला तडे गेलेत ती धुऊन, माती काढून रबराचा भुगा करणाऱ्याकडे जाते; माती भरलेला टायर तो घेत नाही, त्यामुळे ही धुलाई आमच्याच खर्चात. विकताना हे काम धरूनच आम्ही भाव लावतो.

हंसाच्या कुंडीची मागणी अजून सगळ्यांत जास्त आहे. लांब मान, लाल चोच, पाठीवर सदाफुली. मला तो हंस अजिबात आवडत नाही, पण या महिन्यात पुन्हा बारा हंसांची ऑर्डर आहे आणि काकांनी मानेसाठी नायलॉनचे टायर बाजूला काढून ठेवलेत.