या वयात कवळी कशाला?

"आईचं वय आता 75. या वयात कवळी करून काय करायचंय, डॉक्टर?" तालुक्याच्या गावात दातांचा दवाखाना चालवते, त्यामुळे हा प्रश्न माझ्या रोजच्या कानावरचा. विचारणारा बहुधा मुलगा असतो, कधी सून. आई शेजारीच बसलेली असते आणि पुष्कळदा तीच पुस्ती जोडते, "नगं बाबा, आता किती दिस राहिलेत? भाकरी कुस्करून खाते की मी." तुम्ही विचारलंत म्हणून एकदा सविस्तर सांगते. ओपीडीच्या गर्दीत हे सांगून होत नाही.

भाकरी कुस्करून पोट भरतं, खरं आहे. पण ताटातून काय काय गेलं ते बघा. शेंगदाणे गेले, काकडी-गाजर गेलं, पेरू गेला, मटकीची उसळ आणि मटणाची फोड गेली. उरला मऊ भात आणि चहात बुडवलेलं बिस्कीट. शुगर असलेल्या बाईला नेमकं हेच खाणं नडतं. तरीही मला जास्त काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. दात गेले की माणूस हळूहळू चारचौघांतून उठतो आणि घरच्यांच्या ते लक्षातही येत नाही.

माण तालुक्यातल्या एक मावशी माझ्याकडे यायच्या. तरुणपणी दाढ दुखायची म्हणून कुणीतरी मशेरी लावायला सांगितली. ठणका तेवढ्यापुरता थांबला, मशेरी मात्र कायमची लागली. हिरड्या खाली सरकल्या, दात हलायला लागले आणि एकेक करून गेले. घरात त्या सगळ्यांच्या मागून जेवायच्या. मुलाला वाटायचं, जुनी पद्धत आहे तिची. खरं कारण वेगळं होतं. एका भाकरीला त्यांना फार वेळ लागायचा आणि चघळतानाचा आवाज नातवंडांच्या कानावर जाऊ नये असं वाटायचं. लग्नाचं आमंत्रण आलं की गुडघे पुढे करायच्या, कारण पंगत उठली तरी त्यांचं पान अर्धंच असायचं. हसू आलं की पदर तोंडावर. बोललेलं लेकीला नीट कळायचं नाही, म्हणून फोनसुद्धा सुनेच्या हातात द्यायच्या.

1990 साली अमेरिकेत ॲचिसन आणि डोलन या दोघींनी वयस्कर माणसांसाठी 12 प्रश्नांची एक यादी तयार केली. तोंडाच्या तक्रारींमुळे रोजचं जगणं किती अडतं, हे तिच्यावरून जोखतात. चावता-गिळता येतं का, हे तिच्यात आहेच. शिवाय लोकांसमोर जेवताना अवघडल्यासारखं होतं का, दातांमुळे माणसांत मिसळणं कमी केलंय का, हेही विचारलंय. मावशींचं उत्तर या दोन्हींना 'हो' होतं, पण घरात कुणी कधी विचारलंच नव्हतं.

कवळी बनवताना मेणात दात लावून ट्रायल घेतात. तेव्हा मी पेशंटला साठापासून पुढे आकडे म्हणायला लावते: साठ, एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट. 'स' म्हणताना वरचे-खालचे दात एकमेकांजवळ येतात, पण टेकत नाहीत. टेकून खटखट वाजले तर उंची चुकली, पुन्हा माप घ्यायचं. मावशी सदुसष्टपर्यंत आल्या आणि थांबून मुलाकडे बघत म्हणाल्या, "नीट आलं का रं?" पदर खांद्यावरच होता.

आता कवळीच्या मर्यादाही सांगायला हव्यात. कवळीने चावण्याचा जोर खऱ्या दातांच्या पावपट, पुष्कळदा त्याहूनही कमी असतो. सुरुवातीला टोचते, लाळ सुटते, एक-दोन वेळा घासून घ्यावी लागते. सवय व्हायला काही आठवडे जातात. रात्री ती काढून पाण्यात ठेवायची, हिरड्यांना विसावा द्यायचा.

आणि "बघू पुढच्या वर्षी" म्हणू नका. दात काढल्यावर जबड्याचं हाड झिजत जातं, पहिल्या वर्षात सगळ्यात जास्त, आणि वरच्यापेक्षा खालचं अधिक. हाड सपाट झालं की खालच्या कवळीला धर राहत नाही, ती बोलताना हलते. म्हणूनच "सगळेच काढून टाका एकदाचे" हेही ऐकून मला वाईट वाटतं. खालचे दोन सुळे घट्ट असतील तर त्यांचं रूट कॅनाल करून, ते आखूड करून त्यांच्यावर कवळी बसवता येते. मुळं राहिली की भोवतालचं हाडही टिकतं.

वय झालं की दात जायचेच, असंही लोक म्हणतात. जपानने 1989 मध्ये ऐंशीव्या वर्षी 20 दात टिकवायचे अशी मोहीम काढली. 2016च्या पाहणीत तिथल्या ऐंशीच्या आसपासच्या निम्म्याहून जास्त लोकांचे तेवढे दात शाबूत होते.

पैशांची अडचण असेल तर तसं मोकळेपणी सांगा. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथल्या शासकीय दंत महाविद्यालयांत कवळी पुष्कळ कमी खर्चात होते. चार-पाच फेऱ्या होतात, नंबर लावावा लागतो, तेवढी तयारी ठेवा. आणि माझ्याकडे आणाल तेव्हा आईंना बोलू द्या. त्या 'नको' म्हणतात ते खर्चाच्या धाकाने की मनापासून, हे मला त्यांच्याच तोंडून ऐकायचं असतं. तेवढी पाच मिनिटं तुम्ही बाहेर बाकावर बसा.