तुम्ही विचारलंत म्हणून: दुकानात स्कॅनर का नाही

झेरॉक्स काढून झाली की पोरं मोबाईल बाहेर काढतात, काउंटरवर इकडे-तिकडे बघतात आणि विचारतात, "काकू, स्कॅनर कुठंय?" स्कॅनर म्हणजे यूपीआयनं पैसे द्यायचा क्यूआर कोड. नाही म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "का हो?" शेजारचे दुकानदार विचारतात, नात्यातले विचारतात, बँकेत बदलून आलेल्या नव्या साहेबांनीही विचारलं. गिऱ्हाईक ताटकळत असताना दोन वाक्यांत उत्तर द्यावं लागतं आणि ते अर्धवट राहतं. ऐकणाऱ्याचा समज मात्र लगेच होतो. बाईंना जमत नसेल, नाहीतर टॅक्स चुकवायचा असेल. म्हणून एकदाच सगळं लिहिते.

टॅक्सचं आधी. जुलै २०२५ मध्ये बेंगळुरूच्या लहान दुकानदारांना यूपीआयवर जमा झालेल्या रकमांवरून जीएसटीच्या नोटिसा गेल्या आणि तिथल्या बऱ्याच दुकानांवर 'फक्त रोख'च्या पाट्या लागल्या. त्या बातम्या आल्यापासून रोख मागणाऱ्या प्रत्येक दुकानदाराकडे संशयानं बघितलं जातं. माझं दुकान जीएसटीत नोंदलेलं आहे. रोखीचं बिलही मी फाडते, मागितलं नाही तरी. आणि स्कॅनर मी त्या नोटिसांच्या वर्षभर आधी काढलाय.

आता 'जमत नसेल'चं. नोटबंदी झाली तेव्हा, नोव्हेंबर २०१६ मध्ये, विद्यानगरच्या वसतिगृहांतली पोरं दोन हजारांची नोट घेऊन सहा रुपयांच्या झेरॉक्ससाठी उभी राहायची. अख्ख्या कराडात सुट्टे मिळत नव्हते. ३० डिसेंबरला भीम ॲप आलं आणि पुढच्या काही महिन्यांत माझ्या काउंटरवर कोड चिकटवलेला होता. आमच्या ओळीतला पहिला. शेजारच्या वडापाववाल्याला आणि चपला शिवणाऱ्या काकांना तो कसा लावायचा, पैसे आले की नाही कसं बघायचं, हे मीच शिकवलं. १ जानेवारी २०२० पासून यूपीआयवर दुकानदाराकडून कमिशन घेणं बंद झालं, तेव्हा तर मला फार आनंद झाला होता. दोन रुपयांची एक प्रत काढणाऱ्या धंद्यात कमिशन किती खुपतं, हे ज्याचं त्यालाच कळतं.

मग २०२४ चा मे महिना आला.

प्रोजेक्ट रिपोर्टचे दिवस होते. त्या दिवसांत आमच्याकडे रात्री अकरापर्यंत मशीन चालू असतं. हार्ड बाइंडिंग, वर सोनेरी अक्षरं, प्रत्येकाला उद्या सकाळीच हवं असतं. वर्षभरातली सगळ्यात मोठी कमाई याच काही आठवड्यांत होते, आणि त्याच पैशातून जूनसाठी कागद भरायचा असतो. कोल्हापूरचे एक कागदाचे व्यापारी मला बरीच वर्षं उधारीवर रिमं देतात, मी पुढच्या तारखेचा चेक देते. तो चेक परत आला. त्यांचा फोन आला तेव्हा त्यांना बोलायलाच अवघड जात होतं. "वहिनी, काही अडचण आहे का?" एवढंच म्हणाले. खात्यात चेकच्या दुपटीहून जास्त पैसे होते, मी सकाळीच बघितले होते.

बँकेत गेले. काउंटरवरच्या मुलीनं खातं उघडलं, स्क्रीनकडे बघितलं आणि मागच्या टेबलावरच्या साहेबांना मोठ्यानं म्हणाली, "सर, हे सायबर फ्रॉडचं खातं आहे." रांगेत माझ्या मागं आमच्याच कॉलनीतल्या दोघी होत्या. त्यातल्या एकीच्या मुलीची सगळी कॉलेजची कागदपत्रं माझ्या दुकानात झाली होती. त्या काही बोलल्या नाहीत. त्यांनी काही विचारलं असतं, तर निदान सांगता तरी आलं असतं. ते वाक्य मला अजून ऐकू येतं, आणि कुणी 'स्कॅनर का नाही' म्हटलं की पैशाच्या आधी तेच आठवतं.

साहेबांनी समजावलं ते असं. दुसऱ्या राज्यात कुणाची तरी ऑनलाइन फसवणूक झाली. त्यांनी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करून तक्रार नोंदवली. त्यांचे पैसे एका खात्यात गेले, तिथून फुटून दुसऱ्यात, तिसऱ्यात. प्रत्येक टप्प्याला हे लोक 'लेयर' म्हणतात. त्यातल्या कुठल्या तरी लेयरमधून माझ्या खात्यात एक हजार चारशे साठ रुपये आले होते. म्हणून डेबिट फ्रीज, म्हणजे पैसे येतील पण जाणार नाहीत. एक हजार चारशे साठ नव्हे, सगळेच.

बिलबुक काढलं. चार प्रती, हार्ड बाइंडिंग, रंगीत पानं वेगळी. पोराचा नंबर बिलावर होता. फोन केला तर तो रडायलाच लागला, त्याचंही खातं बंद. त्याच्या रूममेटनं मेसचे उसने घेतलेले पैसे परत केले होते आणि त्याच पैशातून यानं बाइंडिंगचे दिले. रूममेटनं आपलं खातं कुणाला तरी कमिशनवर वापरायला दिलं होतं म्हणे. आता या साखळीत माझ्या हातात काय होतं? पोरगा समोर उभा, काम चोख, पैसे आल्याचं साउंडबॉक्स बोलला. त्या पैशामागं कुणाचं काय बुडालंय, हे दाखवणारी सोय ना माझ्या फोनमध्ये आहे, ना त्या कोडमध्ये.

पुढचे दिवस मी टोलवली जात होते. बँक म्हणायची, ज्या पोलिसांनी बंद केलं त्यांचं पत्र आणा. इथले सायबर पोलीस म्हणायचे, तक्रार आमच्याकडची नाही. तिकडच्या पोलीस ठाण्याचा फोन लागायचा नाही. लागला तर माझ्या मोडक्या हिंदीत सगळं पहिल्यापासून सांगायचं, आणि पलीकडून "मेल कर दीजिए". मेल केले. बिल, आधार, जीएसटीचा दाखला, दुकानाचा फोटो, सगळं जोडलं. प्रत्यक्ष या, असंही एकदा उत्तर आलं. दुकान बंद ठेवून, रेल्वेनं दोन दिवस जायचं-यायचं, चौदाशे रुपयांसाठी.

वकिलांकडे गेले तेव्हा कळलं की पोलिसांना हा अधिकार फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १०२ नं दिलेला. बँक खातं हीसुद्धा त्या कलमाखाली जप्त करता येणारी मालमत्ता आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं १९९९ मध्येच ठरवलं, आणि तो खटला महाराष्ट्र सरकारचाच होता. १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेत हेच कलम १०६ झालं. त्याच कलमात हेही लिहिलंय की जप्तीची माहिती पोलिसांनी लगेच मॅजिस्ट्रेटला द्यायची. मला मात्र बंद झाल्याचं कळलं ते चेक परत आल्यावर. वकिलांनी केरळ उच्च न्यायालयाचा २०२३ चा निकालही दाखवला, अशाच यूपीआयच्या प्रकरणांतला. वादातली जेवढी रक्कम पोलिसांच्या आदेशात आहे तेवढीच अडवा, सगळं खातं नको, असा. मी म्हटलं, मग झालंच की. ते म्हणाले, तसा आदेश आपल्याला हवा असेल तर मुंबईला उच्च न्यायालयात रिट याचिका टाकावी लागेल. कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं १८ ऑगस्ट २०२५ ला. तेव्हा ते नव्हतं.

खातं बंद झाल्याचं कळलं त्या दिवशीही साउंडबॉक्स काउंटरवर बोलत होता. वीस रुपये प्राप्त झाले. साठ रुपये प्राप्त झाले. स्कॅनर काढायचं लगेच सुचलंच नाही, इतकी मी गांगरले होते. दिवसभर काम केलं आणि त्या दिवसाचा पैसाही त्याच कुलूपबंद खात्यात जाऊन बसला. संध्याकाळी कोड काउंटरवरून खरवडला आणि डब्याची वायर काढली. मशीनच्या कर्जाचा हप्ता परत गेला, त्याचा दंड वेगळा लागला. जूनचा कागद भिशीच्या पैशातून भरला. भिशीचा तो नंबर माझा नव्हता, मैत्रिणीनं आपला मला दिला.

पाऊस सुरू झाल्यावर कधीतरी तिकडून बँकेला मेल आला आणि खातं उघडलं. एक हजार चारशे साठ रुपये अजूनही अडकवलेले आहेत.

माझा मुलगा म्हणतो, आई, तू १९३० वर राग काढतेस. तसं नाही. ज्याचे पैसे गेले तो माणूस मी कधी बघितला नाही, पण त्याचा विचार माझ्या डोक्यात कायम असतो. फसवणाऱ्यांच्या हातून पैसा काही तासांत दहा खात्यांतून निघून जातो, तो वाचवायचा तर आधी अडवायचा आणि नंतर विचारायचं, याला दुसरा उपाय मलाही दिसत नाही. माझ्या भावाच्या निवृत्तीचा पैसा असा गेला असता, तर मीच म्हटलं असतं, सगळ्यांची खाती बंद करा. ते चौदाशे साठ त्या माणसाला मिळाले तरी माझी हरकत नाही. असं म्हणते आणि लगेच वाटतं, का नाही हरकत? कागद माझा गेला, शाई माझी गेली, रात्री अकरापर्यंत उभी मी होते.

२०१७ सालची मी आज समोर आली, तर भांडेल माझ्याशी. म्हणेल, रोखीत काय धोके नाहीत? गल्ल्यात खोटी नोट येते, रोकड घेऊन बँकेत जावं लागतं, सुट्ट्यांसाठी चॉकलेटं वाटावी लागतात. सगळं खरं. पण खोट्या नोटेचा नियम बघ. बँकेत भरताना पाचशेची नोट खोटी निघाली, तर बँक ती ठेवून घेते, शिक्का मारते, मला पावती देते. एका वेळी चार नोटांपर्यंत लगेच गुन्हासुद्धा दाखल होत नाही, बँक महिन्याच्या शेवटी पोलिसांना एकत्र कळवते. माझं नुकसान पाचशे रुपये. एका नोटेसाठी कुणी माझा गल्ला सील करत नाही. अनोळखी माणसाचा पैसा घेणं हाच दुकानदाराचा धंदा आहे. एका गिऱ्हाइकाच्या पैशापायी सगळं दुकान अडकत असेल, तर तो पैसा मी कुठल्या भरवशावर घ्यायचा?

ती ऐकणार नाही, मला माहीत आहे. ती म्हणेल, लाखो दुकानदार रोज घेतात, त्यांचं काही होत नाही. बरोबर आहे. समोरच्या झेरॉक्सवाल्यांकडे दोन-दोन कोड आहेत आणि माझी बरीच गिऱ्हाइकं तिकडे गेली. परीक्षेच्या दिवसांत तिथली रांग बघून मला त्रास होतो, तो मी नाकारत नाही.

आणि हो, लाइट बिल मी फोनवरूनच भरते, माझ्या बचत खात्यातून. रिक्षावाल्याला सुट्टे नसले तर तिथंही स्कॅन करते. हा दुटप्पीपणा आहे असं काहींनी तोंडावर म्हटलं. माझं म्हणणं एवढंच, की धोका घेणाऱ्याला आहे. मी ज्याला देते त्याला माझा पैसा कष्टाचा आहे, हे मला ठाऊक असतं. त्याला ते ठाऊक नसतं, आणि तरी तो घेतो, याचं मला वाईट वाटतं. याला माझ्याकडे उत्तर नाही.

मुलाचा तोडगा असा: स्कॅनरसाठी वेगळं खातं काढू, त्यातले पैसे रोज रात्री मुख्य खात्यात वळवू, म्हणजे बंद पडलं तर दिवसाचीच कमाई अडकेल. मी त्याला विचारलं, वळवले की मुख्य खातं हा पुढचा लेयर नाही का झाला? तो म्हणाला, मग एटीएममधून रोख काढू. म्हणजे रोज मशीनपुढं जाऊन पुन्हा नोटाच आणायच्या, तर त्या काउंटरवर घेतलेल्या काय वाईट? यावर आमचं जेवताना बऱ्याचदा वाजतं. त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे असं काही दिवशी वाटतं, काही दिवशी मुळीच वाटत नाही.

वादातली रक्कम तेवढीच अडवायची, अडवल्याचं त्याच दिवशी कळवायचं आणि माझी कागदपत्रं कराडच्याच पोलीस ठाण्यात तपासून घ्यायची, एवढं सगळीकडे पक्कं झालं, तर मी दुसऱ्या दिवशी स्कॅनर लावेन. तोवर सुट्टे घेऊन या. नसतील तर काम अडणार नाही, काउंटरवर वही आहे, नाव आणि रोल नंबर लिहा आणि उद्या द्या.