देणगी तीन आठवड्यात, आभार चार महिन्यात

आमच्या भायखळ्याच्या छोट्या बागेत लोकांच्या पैशातून चार बाकडी, झोपाळ्याच्या नव्या साखळ्या आणि पाण्याचा पाईप झाला. बाग महापालिकेची, पण सकाळी फिरणारे आम्ही तिला आमचीच म्हणतो. पैसे तीन आठवड्यात जमले. देणाऱ्यांच्या नावाची एक पाटी लावायला मात्र चार महिने गेले, खरंच.

पहिली चूक माझीच. पाटीचा अर्ज महापालिकेच्या ऑफिसात नेऊन दिला आणि पोच घेतली नाही, मग दीड महिन्याने विचारायला गेलो तर आवक नंबर काय, तो कुठून आणू? परत अर्ज, यावेळी दोन प्रती, शिक्का मारून घेतला. त्यांनी सांगितलं की पाटी छोटी हवी, धंद्याचा फोन नंबर नको, आणि बाकडी दिली तरी ती महापालिकेचीच. एका दुकानदाराला हे पटवायला तीन चहा लागले.

त्या फेऱ्यांमध्ये एकदा राणीच्या बागेत गेलो होतो. बाग 1862 ची, आणि गेटच्या आत तो डेव्हिड ससूनचा घड्याळाचा मनोरा. एवढी वर्षं झाली तरी देणाऱ्याचं नाव घेतल्याशिवाय लोक त्याला ओळखतच नाहीत. म्हटलं आपली तर दोन फुटांची पाटी, एवढं काय.

मग नावांचा क्रम. जास्त पैसे देणारा वर असं एकाचं म्हणणं, पण भाजीवाल्या मावशींनी दिलेले दोनशे मला तरी जास्त वाटले, शेवटी अकारविल्हे लावली. एकाला बदामाच्या झाडाभोवती अगदी बुंध्यापर्यंत सिमेंटचा पार बांधून द्यायचा होता, तर माळीकाका आडवे आले, म्हणाले, ‘पाणी मुरणार कुठे, मुळं गुदमरतील, त्यापेक्षा शेणखत द्या.’ दिलं बिचाऱ्याने, सहा गोणी.

पाटी लागली, नारळ फुटला, फोटो झाले. आणि तेव्हा कोणीतरी हळूच विचारलं, माळीकाकांचं नाव कुठाय? सगळी जास्वंद आणि कर्दळ त्यांनी घरून आणलेली रोपं आणि कंद लावून उभी केलेली! आमच्या माना खाली. पेंटरला परत बोलावून खाली एक ओळ वाढवली. रंग जरा पिवळट दिसतो, त्याच्याकडचा पहिला पांढरा संपला होता.