तांबं मिळेना म्हणून चांदीच्या कॉइल

मी मोटर रिवाइंडिंग करतो, त्यामुळे तांब्याचा भाव चढला की माझ्या पोटात गोळा येतो. पण पैसे मोजायची तयारी असूनही तांबं मिळतच नाही म्हणजे काय, ते दुसऱ्या महायुद्धातल्या, १९४२ च्या अमेरिकेबद्दल वाचलं तेव्हा कळलं.

काडतुसांच्या पितळी पुंगळ्या, जहाजं, केबल, सगळीकडे तांबंच लागत होतं, इतकं की १९४३ साली त्यांनी एक सेंटचं नाणंसुद्धा जस्ताचा मुलामा दिलेल्या स्टीलचं पाडलं. त्यात टेनेसी राज्यातल्या ओक रिजला अणुबॉम्बसाठी लागणारं युरेनियम वेगळं करायचा गुप्त कारखाना उभा राहत होता आणि तिथल्या अवाढव्य इलेक्ट्रोमॅग्नेटच्या कॉइलला हजारो टन तांबं हवं होतं. ते आणणार कुठून?

मग कर्नल केनेथ निकोल्स थेट सरकारी खजिन्याकडे गेले आणि चांदी उसनी मागितली. वीज वाहून न्यायला चांदी तांब्यापेक्षा थोडी सरसच, आणि ती तिजोरीत नुसती पडून होती. त्यांनी टनांत आकडा सांगितला तर समोरचा अधिकारी म्हणाला इथे चांदी ट्रॉय औंसात (एक म्हणजे जेमतेम ३१ ग्रॅम) मोजतात! शेवटी जवळपास १४,७०० टन चांदी निघाली, वितळवून पट्ट्या काढल्या आणि मिलवॉकीला कॉइल गुंडाळल्या.

मला सगळ्यात भारी वाटतो तो पुढचा हिशोब. आमच्याकडे वायरचे तुकडे, जळकी कॉइल आम्ही वजन करून ठेवतो पण ड्रिलचा चुरा झाडूनच टाकतो, आणि या लोकांनी ड्रिलखाली कागद अंथरून कण न् कण गोळा केला, युद्ध संपल्यावर मशिनं खोलून साफ केली, खालच्या लाकडी फळ्या उखडून जाळल्या आणि राखेतूनही चांदी काढली. इतक्या सगळ्यात तूट किती, तर ०.०३६ टक्क्यापेक्षाही कमी! इतक्या घाईच्या कामात, रोज हजारो हात लागत असताना, हे ज्यांनी सांभाळलं त्या स्टोअरवाल्यांना माझा मनापासून नमस्कार.

त्या कारखान्यातलं युरेनियम हिरोशिमावरच्या बॉम्बमध्ये गेलं, हे मात्र वाचताना एकदाही डोक्यातून जात नाही.

उसन्या चांदीचा शेवटचा हप्ता खजिन्यात परत गेला तो १९७० साली.