इंजिन बदलायचे की बांधायचे?

माझ्या १९६९ सालच्या एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स गाडीचे मूळ इंजिन उतरवून त्याच्या जागी माझदा एमएक्स-५चे १.८ लिटरचे इंजिन, त्याच्या पाच गिअरच्या गिअरबॉक्ससकट, बसवायचे असे मी दोन वर्षांपूर्वी जवळजवळ नक्की केले होते. माझ्या तक्रारी खऱ्या होत्या. गार इंजिन चोक ओढूनही तीन-चार प्रयत्नांशिवाय सुरू होत नसे, रहदारीत दहा मिनिटे अडकले की तापमानाचा काटा वर सरकू लागे, चढणीवर पिकअप मिळत नसे, आणि मोठ्या रस्त्यावर ताशी १०० किलोमीटर वेगाला इंजिनाचे मिनिटाला सुमारे ३,५०० फेरे होत असल्यामुळे शेजारी बसलेल्या माणसाशी ओरडूनच बोलावे लागे. मूळचे १,७९८ सीसीचे इंजिन नवे असताना ९५ अश्वशक्तीचे होते; माझदाचे सुमारे १३० अश्वशक्तीचे, आणि किल्ली फिरवताच सुरू होणारे. कागदावर मांडलेला हिशेब पूर्णपणे माझदाच्या बाजूने होता.

अशा वेळी पहिला आक्षेप येतो तो अस्सलपणाचा. जुन्या वाहनांसाठी काम करणारी फिवा ही जागतिक संघटना किमान ३० वर्षे जुन्या आणि इतिहासाशी सुसंगत स्थितीत जपलेल्या वाहनालाच ऐतिहासिक मानते, आणि मला ती भूमिका योग्य वाटते. एखाद्या दुर्मीळ गाडीत कारखान्यातून निघतानाचेच इंजिन त्याच क्रमांकासह शाबूत असेल, तर त्याला हात लावू नये, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. परंतु एमजीबी १९६२ ते १९८० या काळात पाच लाखांहून अधिक संख्येने बनली. त्यांतल्या एका गाडीचे इंजिन बदलल्याने इतिहासाची फारशी हानी होणार नव्हती, त्यामुळे या आक्षेपाने मी थांबलो नसतो. मी थांबलो तो याच गाडीच्या घराण्यात कारखान्याने स्वतः केलेले दोन इंजिनबदल नीट समजून घेतल्यावर.

पहिला बदल १९६७ सालचा. त्या वर्षी एमजीबीच्याच सांगाड्यात २,९१२ सीसीचे, सहा सिलिंडरचे, ओतीव लोखंडाचे इंजिन बसवून एमजीसी ही गाडी काढण्यात आली. शक्ती १४५ अश्वशक्तीपर्यंत गेली, पण नाकावरचे वजन सुमारे ९५ किलोने वाढले. ते इंजिन मावावे म्हणून पुढचे सस्पेन्शन बदलून टॉर्शन बार (पिळल्या जाऊन स्प्रिंगचे काम करणाऱ्या दांड्या) घालावे लागले, बोनेटला फुगवटा द्यावा लागला, आणि एवढे करूनही वळणावर गाडीचे नाक बाहेर ओढले जाते अशी टीका झाली. १९६९ मध्ये ती बंदच पडली. दुसरा बदल १९७३चा: त्याच सांगाड्यात रोव्हर कंपनीचे ३,५२८ सीसीचे, आठ सिलिंडरचे व्ही-८ इंजिन. आकाराने ते मूळ इंजिनाच्या जवळजवळ दुप्पट, पण सगळे ॲल्युमिनियमचे असल्यामुळे वजनाने चार सिलिंडरच्या लोखंडी इंजिनाच्या आसपासच राहिले. केन कॉस्टेलो या अभियंत्याने कारखान्याच्या आधीच असे बदल करून विकायला सुरुवात केली होती. या गाडीची चाल बिघडली नाही. एकाच सांगाड्यावरच्या या दोन प्रयोगांतून मला जे दिसले ते असे, की इंजिनाची अश्वशक्ती विचारण्याआधी त्याचे वजन किती आणि ते वजन पुढच्या चाकांच्या रेषेपासून कुठे येते, हे विचारले पाहिजे.

तरीही कारखान्याला केवळ इंजिन बदलून भागले नव्हते, हे लक्षात घ्यावे. व्ही-८ गाडीला पुढे अधिक जाड ब्रेक डिस्क दिल्या होत्या. १९६२ मध्ये अमेरिकी शर्यतपटू कॅरोल शेल्बी यांनी एसी एस या ब्रिटिश गाडीच्या सांगाड्यात फोर्डचे व्ही-८ बसवून कोब्रा उभी केली, तेव्हा सांगाड्याच्या नळ्या जाड केल्या गेल्या आणि डिफरन्शियल अधिक मजबूत बसवले गेले. हौशी माणसाच्या इंजिनबदलात नेमका हाच भाग मागे पडतो. माझ्या गाडीचे मागचे ब्रेक ड्रमचे, मागचे सस्पेन्शन पाट्यांचे आणि शॉक ॲब्सॉर्बर जुन्या लिव्हर पद्धतीचे आहेत. इंजिन एकट्याने तरुण झाले तर बाकीच्या गाडीने त्याच्यामागे धावायचे कसे?

शिवाय, इंजिन एकटे कधीच येत नाही. त्याच्यासोबत कॉम्प्युटर येतो, वायरिंगचा पूर्ण जुडगा येतो, एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर येतो. जुन्या कार्बोरेटरला अगदी मंद दाबाने पेट्रोल पुरते, तर इंजेक्शनला सुमारे तीन बार दाब लागतो, म्हणजे नवा पंप, नव्या नळ्या, टाकीकडे परतणारी वेगळी वाट आणि वळणावर टाकीतले पेट्रोल एका बाजूला गेले तरी पंप कोरडा पडू नये अशी व्यवस्था, एवढे सगळे करावे लागते. तेलाचा चेंबर पुढच्या आडव्या दांडीला अडतो, एक्झॉस्टचा पाइप स्टिअरिंगच्या दांड्याला अडतो, प्रॉपेलर शाफ्टची लांबी बदलते. माझ्या एका मित्राने हाच बदल केला आणि त्याला तीन वर्षे लागली. काम अतिशय स्वच्छ आहे. त्याची गाडी मी दिवसभर चालवली. ती प्रत्येक मोजमापात माझ्या गाडीपेक्षा सरस निघाली, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. पण संध्याकाळी परतताना जाणवले, की माझ्या तक्रारी त्या जातीच्या इंजिनाबद्दल नव्हत्याच. त्या माझ्या हातातल्या, बिघडलेल्या इंजिनाबद्दल होत्या. चांगल्या स्थितीतले मूळ इंजिन कसे चालते, हे मी कधी पाहिलेच नव्हते.

म्हणून पुढच्या आठवड्यात मी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, तपासले. चारपैकी तीन सिलिंडर १५५ ते १६० पीएसआयच्या दरम्यान, आणि तिसऱ्या क्रमांकाचा ९५ वर. हेड उतरवल्यावर तिसऱ्याचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह कडेला जळून करवतीसारखा झालेला दिसला. या इंजिनात व्हॉल्व्ह ज्यावर बसतो ती बैठक थेट हेडच्या लोखंडात कापलेली असते. पूर्वीच्या पेट्रोलमधले शिसे तिला झिजण्यापासून वाचवत असे. शिसेविरहित पेट्रोलवर जोराने गाडी हाकली की बैठक हळूहळू खाली जाते, टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या यंत्रणेतली, फट मिटते, व्हॉल्व्ह पूर्ण बंद होईनासा होतो आणि शेवटी जळतो. कठीण पोलादाच्या बैठका बसवल्या की हा प्रश्न सुटतो. मागच्या मालकाकडे हेडचे काम झाले होते, पण त्या गॅरेजने बैठका बदललेल्या नव्हत्या. ब्लॉकच्या मागच्या टोकाला गंजाचा इतका गाळ बसला होता, की पाणी काढण्याच्या तोटीतून आधी थेंबही आला नाही.

गाळ काढला, विजेवर चालणारा पंखा बसवला, ठिणगीची वेळ साधणाऱ्या जुन्या पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन घातले. मग दोन्ही एसयू बनावटीचे कार्बोरेटर एकमेकांशी जुळवले, आणि त्या कामाचे मला आजही अप्रूप वाटते. एअर फिल्टर काढून रबराच्या बारीक नळीचे एक टोक कानाशी व दुसरे कार्बोरेटरच्या तोंडाशी धरायचे, आणि दोन्हींचा फुसफुसाट सारखा ऐकू येईपर्यंत स्क्रू फिरवायचा. त्यानंतर खालची पिन दाबून पिस्टन किंचित उचलायचा: फेरे वाढून तसेच राहिले तर पेट्रोल जास्त, इंजिन बसू लागले तर कमी, आणि क्षणभर वाढून पूर्ववत झाले तर मिश्रण बरोबर. शेवटी ओव्हरड्राइव्ह (वेगात इंजिनाचे फेरे कमी ठेवणारा जादा गिअर) असलेला मूळ धाटणीचा गिअरबॉक्स मिळाला. आता १०० च्या वेगाला फेरे २,८०० च्या आसपास असतात आणि शेजारच्या माणसाशी नेहमीच्या आवाजात बोलता येते.

ट्रायम्फ स्टॅग या ब्रिटिश गाडीच्या बाबतीत हेच मोठ्या प्रमाणावर घडले होते. १९७० मध्ये आलेल्या त्या गाडीचे तीन लिटरचे व्ही-८ तापण्यासाठी इतके बदनाम झाले, की अनेक मालकांनी ते काढून रोव्हरचे इंजिन बसवले. पुढे जाणकारांनी पाण्याचे मार्ग, रेडिएटर आणि टायमिंग चेनची देखभाल यांवर नीट काम केल्यावर तेच इंजिन भरवशाने चालू लागले, आणि आज मूळ इंजिन असलेल्या स्टॅगला अधिक मागणी असते. काढलेली इंजिने मात्र पुष्कळदा भंगारात गेली होती.

तरीही इंजिन बदलणे नेहमीच चूक असते, असे मी म्हणणार नाही. गाडी इंजिनाशिवायच मिळाली असेल, किंवा मूळ इंजिनाचे भागच मिळत नसतील, तर ती कोपऱ्यात गंजत ठेवण्यापेक्षा नव्या इंजिनावर धावलेली मला हजारपटीने आवडेल. उद्या माझ्या ब्लॉकला तडा गेला आणि दुसरा ब्लॉक मिळाला नाही, तर मीही माझदाचेच इंजिन घेईन. पण आधी ब्रेक आणि शॉक ॲब्सॉर्बर बदलेन, माउंटिंग वेल्डिंग न करता बोल्टांनी बसवीन, पत्र्याला कुठेही कटर लावू देणार नाही, आणि तडा गेलेला तो ब्लॉक त्याच्या क्रमांकाच्या पट्टीसह तेल लावून, गुंडाळून, गाडीसोबतच ठेवीन.