मसाई पठार ते पावनखिंड: जांभ्याच्या वाटेवर टिकणारे टायर

गेल्या डिसेंबरात मसाई पठारावर माझ्या सायकलचा मागचा टायर फाटला. काटा नव्हता, खिळा नव्हता. वाळलेल्या गवतात दडलेल्या जांभ्याच्या धारेला टायर बाजूने घासला, फस्स आवाज झाला आणि आतलं पांढरं सीलंट, म्हणजे भोक बुजवणारा द्रव, थेट पोटरीवर उडालं. उतरून बघतो तर साइडवॉलला, म्हणजे टायरच्या बाजूला, बोटाच्या पेराएवढी चीर. टायर इतका नवा, की नॉबवरचे, म्हणजे टायरवरच्या रबरी उंचवट्यांवरचे, बारीक केससुद्धा अजून झडले नव्हते. वरची नक्षी खणखणीत शाबूत आणि बाजू मात्र कापडासारखी उसवलेली. त्या दिवशी सायकल हातात धरून पठार उतरलो आणि पावनखिंड राहून गेली.

या नोव्हेंबरात तीच वाट पुन्हा केली, यावेळी पूर्ण. मधल्या अकरा महिन्यांत टायरबद्दल जे शिकलो ते या वाटेला येणाऱ्यांच्या उपयोगी पडावं म्हणून सविस्तर लिहितोय.

शनिवारी पहाटे साडेपाचला आम्ही चौघं कोल्हापूरच्या शिवाजी पुलावर जमलो. पंचगंगेवर धुकं होतं. आमच्यात वयानं सगळ्यात थोरले आबा. त्यांची उभी हयात उद्यमनगरातल्या फौंड्रीत गेली, त्यामुळे वस्तू हातात घेऊनच तिची परीक्षा करायची त्यांना सवय. केर्ली, वाघबीळ करत पन्हाळ्यापर्यंत वीसेक किलोमीटर सगळा डांबरी रस्ता. नॉबवाले बटन टायर डांबरावर घुंघुं आवाज करतात आणि जड जातात, म्हणून इथपर्यंत हवा थोडी जास्त, ३० पीएसआयच्या आसपास ठेवली. गडावर झुणका-भाकर खाल्ली आणि मग गेज लावून हवा कमी केली: पुढे २२, मागे २५. माझं वजन ७२ किलो, पाठीवर चारेक किलोची सॅक, टायर २९×२.३५ आणि ट्यूबलेस. अंगठ्यानं दाबून हवा बघायची सवय सोडा. २० आणि २६ मधला फरक अंगठ्याला कळत नाही, दगडाला बरोबर कळतो.

पन्हाळ्यावरून म्हाळुंगेच्या बाजूनं पठारावर चढलं की दृश्य एकदम बदलतं. लांबच लांब सपाट सडा, चारी बाजूंना मोकळं आभाळ, मधेच मसाईदेवीचं देऊळ. पावसाळ्यानंतर इथे फुलांचे गालिचे असतात. आम्ही गेलो तेव्हा फुलं संपत आलेली आणि गवत सोनेरी होऊन आडवं पडायला लागलेलं. दिसायला ही वाट अगदी सोपी. चढ नाही, उतार नाही. त्यामुळेच माणूस वेग धरतो आणि टायर इथेच फाटतात.

पठाराचा माथा जांभ्याचा आहे. खालचा बेसाल्ट गोल झिजतो, जांभा तसा झिजत नाही. त्यातला मऊ भाग पावसानं वाहून जातो आणि लोखंडानं कडक झालेला सांगाडा उरतो, सगळा भोकाभोकांचा. प्रत्येक भोकाची कड खवणीच्या पात्यासारखी. आपण हवा कमी केलेली असते, म्हणून टायर वजनानं बाजूला फुगतो आणि साइडवॉल नॉबच्याही बाहेर येते. चाक दोन दगडांच्या मधून गेलं की हा फुगलेला भाग त्या कडेवर घासतो. नॉब चार-पाच मिलिमीटर जाड असतात, बाजूचं रबर एखाद-दोन मिलिमीटर. मग फाटणार काय?

म्हणून आपल्या सह्याद्रीसाठी टायर निवडताना मी नक्षी सगळ्यात शेवटी बघतो. आधी बघतो केसिंग, म्हणजे रबराच्या आतलं धाग्यांचं कापड. आबांची पद्धत सोपी आहे. दुकानात टायर हातात घेऊन दोन बोटांत बाजू चिमटीत धरायची. “पापडागत लागला तर ठेव तिथंच. भाकरीच्या पिठाच्या गोळ्यागत दाब देऊन लागला पाहिजे,” हे त्यांचे शब्द. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी फार मनावर घेतलं नव्हतं. आता दर वेळी तसंच करतो.

टायरवर टीपीआय म्हणून एक आकडा असतो, एका इंचात किती धागे ते. बरेच जण समजतात की १२० म्हणजे ६० पेक्षा मजबूत. खरं तर १२० चे धागे बारीक असतात. टायर हलका आणि लवचिक होतो, दगडावर छान लोळतो, पण एकेरी थर असेल तर कापायला सोपा. ६० चा धागा जाड, टायर थोडा राठ, पण चिरेला जास्त दाद देत नाही. बारीक धाग्याचेच दोन थर एकावर एक घातलेले टायरही मिळतात, ते मजबूतही असतात आणि महागही. कंपन्या या मजबुतीला आपापली नावं देतात. मॅक्सिसमध्ये ‘एक्सो’, त्यावर ‘एक्सो प्लस’, त्यावर ‘डबलडाउन’. श्वाल्बेमध्ये ‘सुपर ग्राउंड’, ‘सुपर ट्रेल’, ‘सुपर ग्रॅव्हिटी’ अशी चढती भाजणी. यातली मधली पायरी आपल्या वाटांना पुरेशी आहे असं माझं ठाम मत झालंय. सगळ्यात वरची पायरी उतारावर उड्या मारणाऱ्यांसाठी. ती घेऊन वाघबीळचा चढ चढणं म्हणजे जीवाला शिक्षा.

नाव कळलं नाही तरी वजन सांगतंच. माझा फाटलेला टायर साधारण ६५० ग्रॅमचा होता. आता मागे आहे तो किलोच्या आसपास. तीन-साडेतीनशे ग्रॅम चढाला जाणवतात, नाही म्हणणार नाही. पण सायकल खांद्यावर घेऊन पठाराखालची कुंभारवाडी गाठायची म्हटली तर ते काहीच नाही.

दोन्ही चाकांना सारखाच टायर लागतो असंही नाही. आपलं बहुतेक वजन मागच्या चाकावर असतं आणि दगडाचा मार तेच खातं, म्हणून मागे जाड केसिंग आणि जरा कडक रबर. पुढचं चाक वळण धरतं, तिथे मऊ रबर आणि ठसठशीत नॉब, केसिंग एक पायरी हलकं चाललं. मागचा झिजला की पुढचा मागे घ्यायचा आणि नवा पुढे टाकायचा. साइज घेताना जुन्या टायरवरचा ५७-६२२ असा आकडा वाचून घ्या. पहिला रुंदीचा, दुसरा रिमच्या व्यासाचा, दोन्ही मिलिमीटरमध्ये. २९ इंचीला ६२२, साडेसत्तावीसला ५८४, जुन्या २६ इंचीला ५५९. दुसरा आकडा जुळला नाही तर टायर बसणारच नाही. आणि रुंदीच्या मोहात पडून फ्रेमला घासेल इतका जाड घेऊ नका. पठार उतरल्यावर लाल चिखल लागतो आणि तो फ्रेम आणि टायरच्या मधे गच्च बसतो.

आमच्याबरोबर माझा मावसभाऊ होता, त्याच्या सायकलला साधी ट्यूब. कुंभारवाडीच्या उतारावर एका दगडावर मागचं चाक आपटलं आणि हवा गेली. ट्यूब काढली तर शेजारी शेजारी दोन भोकं, साप चावल्यासारखी. रिम आणि दगडाच्या मधे ट्यूब चिमटली की अशी जोडभोकं पडतात. काट्याचं भोक एकच असतं. ट्यूब वापरणार असाल तर हवा ३० च्या खाली आणू नका. त्याचा टायर आतून चाचपताना एक करवंदीचा काटाही सापडला, तो काढला नसता तर नवी ट्यूब दहा मिनिटांत गेली असती.

ट्यूबलेसमध्ये असले काटे सीलंट परस्पर बुजवतं. २९ इंची टायरला १०० ते १२० मिली घाला. आपल्या उन्हाळ्यात ते लवकर आटतं, म्हणून दर दोन महिन्यांनी व्हॉल्व्हचा गाभा काढून काडी घालून बघा, काडी ओली आली पाहिजे. प्रेस्टा, म्हणजे बारीक तोंडाचा व्हॉल्व्ह असेल तर छोटा पितळी अडॅप्टर खिशात ठेवा, मग पेट्रोलपंपावरही हवा भरता येते.

पण चीर मोठी असेल तर सीलंट हात टेकतं. प्लगची पट्टी, म्हणजे भोकात खुपसायची रबरी पट्टी, साधारण पाच-सहा मिलिमीटरपर्यंत काम करते. त्यापुढे आतून ठिगळ लावायचं आणि ट्यूब घालायची. मी जुन्या टायरच्या बाजूचा काडेपेटीएवढा तुकडा कापून, कडा पातळ तासून सॅकमध्ये ठेवतो. माझा तो फाटलेला टायर मी टाकला नाही. चप्पल लाईनीतल्या एका कारागिरानं तो आरीनं शिवून दिला, चपलेला घालतात तशी चामड्याची बारीक वादी घालून. एकेक टाका घालताना तो टायरचे धागे बोटानं चाचपत होता, ताणाची दिशा बघत होता. आतून ठिगळ आणि ट्यूब टाकून तो टायर आज गावातल्या सायकलला आहे. उतारावर मात्र शिवलेल्या टायरवर कुणी विसंबू नये.

रात्री करपेवाडीत मुक्काम केला, एका घरी आधी फोन करून ठेवला होता. नाचणीची भाकरी, पिठलं आणि दही. दुसऱ्या दिवशीची वाट झाडीची, ओढ्यांची, मुळांची. आंबेवाडी, माळेवाडी करत पांढरेपाणी. ओल्या दगडावर मऊ रबराचा पुढचा टायर किती उपयोगाचा ते इथे समजलं. जिथे मावसभावाचं चाक सरकत होतं तिथे माझं चिकटून होतं. बरेच ओढे सायकल उचलूनच ओलांडावे लागतात.

पावनखिंडीत सायकली वर ठेवून पायी उतरलो. १६६० च्या जुलैत, भर पावसात, अंधारात याच वाटेनं महाराज आणि मावळे पन्हाळ्यावरून विशाळगडाकडे निघाले होते. बाजीप्रभूंनी जिथे वाट अडवून धरली तिथे उभं राहिल्यावर आम्ही कुणीच बराच वेळ बोललो नाही. आबांनी टोपी काढून हातात धरली होती.

परतीला मलकापूर, बांबवडे असा डांबरी रस्ता धरला. निघण्यापूर्वी हवा पुन्हा वाढवा, कमी हवेचे टायर डांबरावर पाय मोडतात.

जाणाऱ्यांना काही सांगणं. जून ते सप्टेंबर सायकल नेऊ नका, शेवाळ आणि चिखलात वाट आणि टायर दोन्ही हातातून जातात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. पठारावर सावली नाही, तीन लिटर पाणी घ्या. मोबाइलची रेंज जाते-येते. मसाई पठार आता संवर्धन राखीव क्षेत्र आहे, तेव्हा मळलेली पायवाट सोडून सायकल घालू नका; दोन दगडांमधल्या त्या मूठभर मातीतच पुढच्या वर्षीची फुलं असतात.

घरी आल्यावर टायर धुतले आणि दिव्याखाली फिरवून बघितले. मागच्या टायरच्या बाजूंवर सात ओरखडे, सर्वांत लांब करंगळीएवढा. नख घालून प्रत्येक ओरखडा उघडून बघितला. एकातही धागा दिसला नाही.