तुम्ही विचारलंत म्हणून: व्हिटॅमिन सी जास्त दिलं असतं तर?

आयसीयूत डाएटिशियन आहे असं सांगितलं की लग्नाच्या पंगतीतसुद्धा हा प्रश्न येतो. समोरचा कोविडमध्ये गेलेल्या आपल्या माणसाबद्दल बोलू लागतो आणि विचारतो, "व्हिटॅमिन सी, झिंक जास्त दिलं असतं, तर वाचला असता का हो?"

त्यामुळे तरी नसता. एवढ्यावर कुणाचं समाधान होत नाही, म्हणून आज सविस्तर लिहिते.

मुळात दिलं नव्हतं असं समजू नका. एप्रिल २०२१ मध्ये आमच्याकडे जवळजवळ प्रत्येक ट्रीटमेंट शीटवर सी आणि झिंक असायचंच. लोकांना हवा असायचा तो मोठा डोस, शिरेतून, ग्रॅमच्या हिशेबात. त्याच दिवसांत एसटीतले एक कंडक्टर दाखल होते. पन्नाशीचे, मधुमेह असलेले, व्हेंटिलेटरवर पालथे झोपवलेले. त्यांची कॉलेजात शिकणारी मुलगी रोज गेटपाशी थांबायची. परदेशातल्या मामानं तिला सांगितलं होतं की मोठ्या डोसनं माणसं उठून बसतात. "मॅडम, पैशांचं मी बघते, तुम्ही डॉक्टरांना सांगा फक्त." मी नाही म्हणत राहिले.

माझं सगळं लक्ष नाकातून पोटात जाणाऱ्या नळीकडे होतं, जिच्यातून पातळ अन्न, म्हणजे फीड, देतात. पालथ्या पेशंटलाही फीड देता येतं, पण हळूहळू. उलटी झाली की बंद. सरळ करायचंय, बंद. स्कॅनला न्यायचंय, बंद. रात्रपाळीच्या सिस्टरकडे इतके पेशंट असायचे की थांबलेलं फीड पुन्हा सुरू व्हायला पहाट उजाडायची. साठेक किलोच्या त्या माणसाला दिवसाला ८० ग्रॅमच्या आसपास प्रोटीन हवं होतं. संध्याकाळी चार्टवरची बेरीज केली की निम्मंही भरत नसे. त्यांच्या मांड्या माझ्या डोळ्यांदेखत उतरल्या.

एके दिवशी तिनं पुन्हा सी काढलं आणि मी चिडले. "अगं, बाबांच्या पोटात आज अन्न किती गेलं, ते विचार ना!"

"किती गेलं?"

मी आकडा सांगितला.

"मग ते तरी द्या ना, मॅडम."

यावर मला काही बोलता आलं नाही. फीड का थांबतं हे मी तिला गेटवर उभ्या उभ्या समजावू शकले असते. पण ते ऐकून तिच्या हाती काय लागणार होतं? त्याच आठवड्यात ते गेले.

पुढे अभ्यास आले. २०२२ च्या 'लोविट' चाचणीत सेप्सिसच्या, म्हणजे संसर्गामुळे अवयव बिघडू लागलेल्या, ८७२ रुग्णांपैकी निम्म्यांना दर सहा तासांनी वजनाच्या किलोमागे ५० मिलिग्रॅम सी शिरेतून दिलं. मृत्यू किंवा न सुटलेला अवयवांचा बिघाड सी घेतलेल्यांत ४४.५ टक्के, न घेतलेल्यांत ३८.५. पुढच्या वर्षी कोविडच्या रुग्णांतही फायदा दिसला नाही. ब्राझीलमध्ये व्हिटॅमिन डीचा दोन लाख युनिटचा डोस एकदम देऊन पाहिला, रुग्णालयातला मुक्काम घटला नाही. ग्लुटामिन या प्रोटीनमधल्या घटकानं तर अवयव निकामी होत असलेल्या रुग्णांत मृत्यू वाढल्याचं २०१३ मध्येच दिसलं होतं. "देऊन तर बघा, तोटा काय?" असं मला म्हणू नका. कमतरता असेल तिथे मी स्वतः मागे लागून देते. कित्येक दिवस उपाशी असलेल्याला फीडआधी थायमिन, म्हणजे व्हिटॅमिन बी-१, हवंच, आणि रक्तातल्या फॉस्फेटवर नजरही.

पण माझ्या नळीचं काय? पोटभर फीड गेलं तर माणूस तगतो, असं २०२१ मधली मी छातीठोकपणे म्हणायची. मग २०२३ मध्ये फ्रान्समधली 'न्यूट्रिरिया-३' आली. व्हेंटिलेटरवरच्या, रक्तदाब औषधांवर टिकवलेल्या ३,०४४ रुग्णांपैकी निम्म्यांना पहिला आठवडा मुद्दाम फार कमी कॅलरी आणि प्रोटीन दिलं. मृत्यूंत फरक पडला नाही, उलट कमी फीडवाले आयसीयूतून बाहेर काढण्याजोगे थोडे लवकर झाले. तेव्हाची मी लगेच भांडते: आपले पेशंट चव-वास जाऊन आठवडाभर घरी उपाशी राहून आलेले होते, त्यांना हा हिशेब कसा लावणार? मी तिला म्हणते, मग ते ८० ग्रॅम पूर्ण गेले असते तर कंडक्टर वाचले असते, असं तरी तू कशाच्या जोरावर म्हणतेस? ती ऐकत नाही. तिनं ऐकावं असं मलाही पुरतं वाटत नाही.

संध्याकाळची बेरीज मी अजून करते. फीड का थांबलं, हे प्रत्येक बेडपाशी जाऊन विचारते. पहिल्या आठवड्यात आकडा कमी दिसला तर पूर्वीसारखी भांडत नाही. दुसऱ्या आठवड्यात मात्र भांडते.